खिडक्यावाला कायेतानो

लग्नाच्या वेळी मला सगळे म्हणाले होते, सेर्वान्दा, नशीब काढलंस. मुलगा वाइनच्या कोठारात, बोदेगात, कायमच्या नोकरीला आहे, पिणं बेताचं आहे, हात उगारणाऱ्यातला नाही. सगळं खरं निघालं. हात उगारायला माणसाला आधी एका जागी उभं राहावं लागतं, ते त्याला कधी जमलंच नाही. पण हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी चिपिओनाला मावशीकडे निघून गेले असते आणि तिच्या दुकानात सुखाने मासे विकले असते.

माझा नवरा कायेतानो काय काम करायचा ते ऐकाल तर हसाल. तो वाइनच्या बोदेगात खिडक्या उघडायचा आणि बंद करायचा. माझ्या आईनेही विचारलं होतं, एवढंच? एवढंच. आमची बोदेगा चर्चएवढी उंच, आत लाकडी पिंपांच्या रांगा, एकावर एक तीन थर, आणि पार वर, छपराखाली, खिडक्या. खिडक्यांना गवती चटयांचे पडदे, पडद्यांना लांब दोऱ्या. समुद्राकडून ओलसर वारा आला की पश्चिमेच्या खिडक्या सताड उघडायच्या. पूर्वेकडून लेवान्ते सुटला की सगळं बंद करायचं, पडदे खाली सोडायचे आणि जमिनीवरच्या पिवळ्या मातीवर बादल्याच्या बादल्या पाणी मारायचं. लेवान्ते म्हणजे कोरडा, तापलेला, डोकं फिरवणारा वारा. तो सुटला की आमच्या सानलूकार गावच्या बायका नवऱ्यांवर खेकसतात, नवरे गाढवांवर खेकसतात आणि पाद्री प्रवचन आवरतं घेतो. माझा नवरा खेकसायला घरी नसायचाच.

हा सगळा आटापिटा पिंपातल्या सायीसाठी. आमची मान्सानिया वाइन पिंपात काठोकाठ भरत नाहीत, वर दोन मुठी जागा सोडतात. त्या जागेत वाइनच्या अंगावर पांढरी साय धरते, दुधावर धरते तशीच. आम्ही तिला फूल म्हणतो. ती जिवंत असते. वाइनमधलंच काहीबाही खाऊन जगते आणि वाइनला हवा लागू देत नाही. म्हणून वाइन वर्षानुवर्षं फिकट राहते, जिभेला कोरडी आणि किंचित खारट, वास आंबवलेल्या कणकेचा. साय उन्हाने, गरम वाऱ्याने विरते. नाहीतर वाइन म्हातारी झाली, आत खायला काही उरलं नाही, की उपाशी मरते. ती गेली की वाइनला हवा लागते आणि रंग चढायला लागतो. आधी सोनेरी, मग तांबूस, मग पार तपकिरी. वास अक्रोडाचा येतो, चव खोल जाते. गोड मात्र होत नाही. परगावची माणसं रंगाला भुलून मोठा घोट घेतात आणि तोंड वाकडं करतात. ही दुसरी वाइन वाईट असते असं नाही, कित्येकांना तीच जास्त आवडते. पण एकदा तिकडे गेलेली वाइन परत फिकट होत नाही.

तर ती साय म्हणजे माझी सवत. दुसऱ्या बाईशी मी भांडले तरी असते. पिंपाशी काय भांडणार?

रेग्ला झाली तेव्हाची गोष्ट. मला कळा सुरू होत्या, सुईण आली होती, आणि कायेतानोने माझा हात घट्ट धरला होता. खिडकीचा पडदा हलला. मला कळायच्या आत हात सुटला आणि जिन्यावर त्याचे पाय वाजले. तो आला तेव्हा पोरीला न्हाऊमाखू घालून झालं होतं, आणि त्याच्या अंगाला ओल्या मातीचा वास येत होता. पोरीला बघून रडला. मी म्हटलं, रड, पण त्या कोपऱ्यात जाऊन रड, मला झोपू दे. सासरे गेले तेव्हा कबरीवर माती टाकायच्या आधी तो गायब झाला. रेग्लाच्या पहिल्या प्रसादाच्या दिवशी चर्चबाहेर फोटो काढला, त्यात खुर्चीवर त्याची टोपी आहे, तो नाही. जेवताना चमचा तोंडाशी नेऊन थांबायचा, समोरच्या गच्चीवरच्या गंजक्या वातकुक्कुटाकडे बघायचा आणि चमचा तसाच खाली ठेवून उठायचा. त्याच्या पायाला भिंगरी होती म्हणावं तर तो गावाबाहेरही कधी गेला नाही. सगळी धावपळ घर ते बोदेगा. रेग्लाने आयुष्यातलं पहिलं वाक्य जोडलं ते असं: बाबा खिडकी.

बरं, त्याला रागवावं तर तो इतका गरीब चेहरा करायचा की आपल्यालाच लाज वाटावी. म्हणायचा, सेर्वान्दा, तिथे दुसरं कोण आहे? मुकादम बाल्दोमेरो होता की. लठ्ठ, शांत, चवीचा पक्का माणूस, आणि आमच्या रेग्लाचा धर्मपिता. बोदेगातल्या प्रत्येक पिंपावर खडूने खूण करणारा तोच. ही फिकट राहणार, ही तपकिरीकडे निघाली, हिचं अजून ठरत नाही. एकाच मळ्यातली, एकाच दिवशी भरलेली वाइन, पण शेजारशेजारची दोन पिंपं दोन वाटांनी जातात. बाल्दोमेरो कपाळाला आठी न घालता जी जशी जाईल तशी जाऊ द्यायचा. कायेतानोला ते बघवायचं नाही. एखाद्या पिंपावरची खूण बदलली की दोन दिवस घरात सुतक.

सगळ्यात जास्त जीव त्याचा पूर्वेच्या भिंतीलगतच्या रांगेवर होता. बाकी रांगांमध्ये वरच्या थरातली तरुण वाइन खालच्या थरात ओततात, म्हणजे खालच्या सायीला नवं खायला मिळतं. ही रांग जुन्या मुकादमाच्या काळापासून तशीच ठेवलेली. साय इतकी पातळ झालेली की मेणबत्ती धरल्याशिवाय दिसायची नाही. बाल्दोमेरो दर वर्षी द्राक्षं उतरली की सांगायचा, बाबा रे, ही म्हातारी झाली, आत हिला खायला काही नाही, सोड आता तिला, ती तिच्या वाटेने जाईल आणि झकास वाइन होईल. कायेतानो म्हणायचा, माझ्या हाताखाली नाही जायची. त्याने त्या रांगेत कुणाला लांब दांडीची पळीसुद्धा बुडवू दिली नाही, कारण पळी घातली की साय फाटते. बाल्दोमेरोही त्याच्या जिवाला घोर नको म्हणून त्या रांगेच्या वाटेला जाईना. स्वतः कायेतानोने तरी चाखावी? छे. तो फक्त बूच काढायचा, मेणबत्ती धरायचा, एका डोळ्याने आत बघायचा आणि म्हणायचा, आहे अजून.

रेग्ला बंदरावर मासळीच्या लिलावात कामाला लागली. तिथेच तिला हिनेस भेटला. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, कमी बोलणारा पोरगा. त्याला वेल्वाला काम मिळालं आणि लग्न उन्हाळा संपतानाचं ठरलं, म्हणजे लग्न झालं की लगेच तिकडे बिऱ्हाड. मला वाटलं कायेतानो रडारड करेल. त्याने फक्त विचारलं, ऑगस्टमध्ये? ऑगस्ट म्हणजे लेवान्तेचा महिना. मी कपाळावर हात मारला.

रेग्लाने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. मी बटाटे सोलत होते, ती कोळंबी निवडत होती, आणि तो उभ्याउभ्या पाव खात होता. ती म्हणाली, "बाबा, चर्चमध्ये मला आत नेणं, ते तू करशील. ते पटकन होतं. मला नाच हवाय. पहिला नाच मुलीने बापाबरोबर करायचा असतो, तो तू माझ्याबरोबर करायचास. मग वारा सुटो नाहीतर छप्पर उडो."

तो म्हणाला, करीन की.

"या वेळी गेलास ना, तर मी रागावणार नाही," ती म्हणाली. "पण यापुढे तुझी वाट बघणार नाही."

तिने हे हळू, कोळंबीचं डोकं मोडता मोडता सांगितलं. माझ्या हातातली सुरी थांबली. मी तिच्यासारखं कधी बोलू शकले नव्हते, मी आपली वर्षानुवर्षं आरडाओरडा करत बसले. कायेतानोने व्हर्जिन मातेची शपथ घेतली. आणि त्याने ती मनापासून घेतली होती, हे मी सांगते. रोज संध्याकाळी तो मला टेबल बाजूला सारायला लावायचा आणि माझ्याबरोबर नाच घोटायचा. पायांवर पाय देऊन माझी बोटं सुजवली. तोंडाने एक दोन, एक दोन मोजायचा. मी म्हटलं, अरे, तू बादल्या मोजतोयस की पावलं? तो हसला. त्या दिवसांत तो पुष्कळ हसला.

लग्नाच्या दिवशी उजाडताच तो बोदेगात जाऊन आला. समुद्राचा वारा होता, पश्चिमेच्या खिडक्या उघडून आला, दाढी केली, नवा कोट चढवला. चर्चमध्ये रेग्लाला हाताशी धरून असा चालला की बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मला भरून आलं. वाटलं, चला, सेर्वान्दा, एकदा तरी.

जेवण खाली नदीच्या मुखाशी होतं, वाळूवर कनातीचं छत घालून. ताटांत कोळंबी, जवळ्याची भजी, तळलेले मासे, आणि टेबलाटेबलावर थंडगार मान्सानिया. पहिला तास झकास गेला. मग छताचं कापड फडफडायचं थांबलं. नदीपलीकडची झाडं एकदम जवळ आल्यासारखी स्पष्ट दिसायला लागली. इथे जन्मलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. थोड्या वेळाने मागून, गावाच्या बाजूने, मानेवर लेवान्तेची गरम फुंकर आली. टेबलावरचे रुमाल उडाले.

मी कायेतानोकडे बघितलं. तो स्वतःच्या दोन्ही हातांवर बसला होता, खरंच, मांड्यांखाली हात घालून. मी टेबलाखालून त्याचा गुडघा दाबून धरला. त्याने एक कोळंबी सोलली, साल तोंडात टाकलं आणि कोळंबी कचऱ्यात. समोरच्या टेबलावरून कुणी टवाळ ओरडला, कायेतानो, खिडकी! सगळे हसले. रेग्ला नाही हसली. ती नवऱ्याशेजारी बसून बापाकडेच बघत होती. माझ्या पलीकडे बाल्दोमेरो मजेत भजी खात होता. कायेतानो माझ्या अंगावरून त्याच्याकडे झुकला आणि विचारलं, वर बोदेगात कोण आहे? बाल्दोमेरोने तोंड पुसलं आणि म्हणाला, आज खिडक्यांचं नाव काढू नकोस, मुकाट्याने जेव. एवढंच. मला त्या लठ्ठ्याचा राग आला. म्हटलं, तुझं काय जातंय, पोटभर खा तू.

वारा वाढत गेला. एक खुर्ची पडली. कायेतानोच्या कपाळावर घाम, कॉलर ओली. तो सारखा छताच्या दोऱ्यांकडे बघत होता, त्या ताणल्या की त्याचा श्वास अडकायचा, सैल झाल्या की सुटायचा. लोक येऊन त्याला मिठ्या मारत होते, अभिनंदन करत होते, तो भलत्यालाच हो म्हणत होता. मला वाटलं, हा माणूस इथेच कोसळणार. गिटारवाले तारा जुळवायला लागले, आणि तो उठला.

"मी आलोच," तो म्हणाला. "नाचाच्या आधी येतो. धावत जातो आणि येतो."

मी त्याचा कोट धरला. कोट माझ्या हातात राहिला.

मग मीही उठले. नवे बूट हातात घेऊन बोदेगाकडे जाणारा बेलेनचा चढ मी अनवाणी पळत चढले, दिसेल त्याला शिव्या घालत. रस्ता तापलेला, डोळ्यांत धूळ. तो माझ्या खूप पुढे होता. मी बोदेगाच्या दारात पोचले तेव्हा दार उघडं होतं आणि तो आत मध्यभागी उभा राहून वर बघत होता.

आत गार होतं. अंधार होता. सगळे पडदे खाली सोडलेले, एकूण एक खिडकी बंद, आणि पायाखालची माती पाणी मारून चिखल झालेली. बाल्दोमेरोचं काम, दुसऱ्या कुणाचं असणार? मला इतकं हायसं वाटलं की मी हसायलाच लागले. मी म्हटलं, झालं समाधान? बंद आहेत. चल, पळ.

तेव्हाच वळलो असतो तर पोचलो असतो. पण त्याचे पाय पूर्वेच्या भिंतीकडे वळले. एकदा बघतो, म्हणाला. त्याने रांगेतल्या पहिल्या पिंपाचं बूच काढलं, काडी ओढली, आत बघितलं. काडी विझली. दुसरी ओढली. नीट दिसत नाही, म्हणाला. आणि मग त्याने जे केलं ते मी कधी बघेन असं मला वाटलं नव्हतं. खिळ्यावरची लांब दांडीची पळी काढली आणि पिंपात सोडली.

ग्लासात ओतलेली वाइन त्याने दाराच्या उजेडात धरली. कोऱ्या चहाचा रंग. त्याने वास घेतला, एक घोट घेतला, आणि ग्लास माझ्या हातात दिला. मी काही मुकादम नाही, पण सानलूकारची आहे. अक्रोड. कोरडा, लांबलचक, घशाखाली उतरूनही न संपणारा. मेली इतकी चांगली होती की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याने शेजारच्या पिंपात पळी घातली. मग त्याच्या शेजारच्या. सगळीकडे तोच रंग, कुठे थोडा गडद, कुठे थोडा कमी.

"ही आजची नाही," तो म्हणाला. "एवढा रंग चढायला वर्षं लागतात. ही कधीचीच गेलीय, सेर्वान्दा."

मेणबत्तीच्या उजेडात तो इतकी वर्षं जे बघत होता आणि आहे अजून म्हणत होता, ते पिंपाच्या लाकडाला चिकटून राहिलेले मेलेल्या सायीचे पांढरे कण होते. आत वाइन आपली वाट धरून निघून गेली होती, आणि हा बाहेर बादल्या ओतत होता. माझ्या डोळ्यांपुढे ती सगळी वर्षं उभी राहिली. रेग्लाचे वाढदिवस, तिचं आजारपण, नाताळची जेवणं, आणि त्याची रिकामी खुर्ची. ती पळी त्याच्याच डोक्यात घालावी असं वाटलं. पण तो पिंपाला हात टेकून असा उभा होता की मला त्याची दया आली, आणि दया आल्याचाही राग आला. पुढे बाल्दोमेरोने त्या रांगेवर खडूने नवी खूण केली, आणि आता लोक लांबून येऊन ती वाइन चाखतात आणि वा वा करतात. ते असो. त्या क्षणी मी त्याचा दंड धरला आणि त्याला ओढत बाहेर काढला.

वारा आमच्या पाठीमागून समुद्राकडे वाहत होता. नाहीतर खालचं गाणं आम्हाला उतारावरच ऐकू आलं असतं. आम्ही कनातीपाशी पोचलो तेव्हा माणसं गोल करून टाळ्या वाजवत होती आणि मध्ये रेग्ला नाचत होती, बाल्दोमेरोबरोबर. तो घामाघूम झालेला, पावलं चुकवत, तिला जपून फिरवत होता. फिरताना तिची नजर आमच्याकडे आली. ती थांबली नाही. कायेतानो माणसांच्या कडेला उभा राहिला, आणि नाच संपेपर्यंत त्याचे ओठ हलत होते, एक दोन, एक दोन.

गाणं संपलं. ती आमच्याकडे आली, झगा हाताने उचलून धरलेला. आधी तिने बापाच्या बुटांकडे बघितलं. पिवळ्या चिखलाने भरले होते. मला वाटलं, आता रडेल किंवा ओरडेल. तिने त्याच्या गळ्याजवळचं सुटलेलं बटण लावलं.

"बंद होत्या ना?" तिने विचारलं.

त्याने मान डोलावली.

"मीच सांगितलं होतं बाल्दोमेरोकाकांना. तू सकाळी घरी आलास की तू उघडलेल्या खिडक्या त्यांनी बंद करायच्या, पाणी मारायचं, आणि मगच चर्चमध्ये यायचं. वारा असो नसो. म्हटलं, माझ्या लग्नाला मला दुसरं काही देऊ नका, एवढंच द्या."

हिनेसने तिला हाक मारली. त्याचे वेल्वाचे लोक निघायला आले होते, त्यांचा निरोप घ्यायचा होता. ती गेली. जाताना तिने बापाच्या गालाला हात लावला, पाहुण्याला लावतात तसा.

कायेतानो जागचा हलला नाही. वारा चांगलाच सुटला होता, छताचं एक टोक फाटून फडफडत होतं, पण त्याने वर बघितलं नाही. मग तो माझ्याकडे वळला.

"मला कुणी सांगितलं का नाही?" तो म्हणाला.

"सांगितलं असतं," मी म्हटलं, "तर नीट बंद केल्यात का ते बघायला गेला असतास."

त्याने विचार केला. खोटं बोलायची सवय त्याला कधीच नव्हती.

"गेलो असतो," तो म्हणाला.